मिस्त्री आफ्रिका बुजवतात

भेग दिसली की मिस्त्रींचा हात शिवशिवायचा. काही माणसांना दुसऱ्याच्या शर्टाचा सुटलेला दोरा ओढल्याशिवाय राहवत नाही, तशातली गत. दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावून ऐकत असायचे आणि मिस्त्री डॉक्टरांच्या खांद्यावरून छताचा कोपरा न्याहाळत असायचे. पँटच्या खिशात लांबीची एक छोटी डबी कायम असायची. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला हा लगदा भेगेत भरायचा, अंगठ्याने दाबायचा, की काम झालं. एकदा बँकेत रांगेत उभ्या उभ्या त्यांनी काउंटरखालची चीर बुजवली होती, आणि पहारेकऱ्याला डबी उघडून दाखवावी लागली होती.

जन्मभर त्यांनी गिलावा केला. मग गुडघ्यांनी परांचीवर चढायला साफ नकार दिला आणि मिस्त्री घरी बसले. पाठोपाठ बायको गेली. मुलगा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. घरात उरले दोघं, मिस्त्री आणि त्यांची सूनबाई. मिस्त्रींनी आधी घरातल्या सगळ्या भेगा बुजवल्या. त्या संपल्यावर शेजाऱ्यांच्या बुजवल्या. पुढे पुढे जिन्यात त्यांची पावलं वाजली की शेजारी दार लावून घ्यायला लागले, तेव्हा मिस्त्री खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. बोलणं तर त्याहून कमी झालं.

सूनबाई दगडांत शिकलेली होती, म्हणजे भूगर्भशास्त्र. शहरातल्या संग्रहालयात तिला एक मोठं दालन मिळालं होतं आणि तीन वर्षं ती त्या दालनापायी घरादाराचं भान विसरली होती. आधी त्या जागेत भुसा भरलेले पक्षी होते. संचालिकाबाईंचा त्या पक्ष्यांवर फार जीव. शनिवारी दालन उघडायचं ठरलं, पाहुण्यांना बोलावणी गेली, आणि बाईंनी गोड आवाजात बजावलं की शनिवारी दालन तयार नसेल तर पक्षी परत येतील. शनिवारची मुदत एकदाच, पुन्हा वाढवून मिळणार नाही. पक्षी तळघरात खोक्यांत तयारच बसले होते.

त्याच दालनाच्या भिंतींना ओल येऊन पोपडे सुटले होते. सूनबाईने बाईंना सांगितलं, माझे सासरे करतील. बाईंची भुवई वर गेली. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले. सूनबाई म्हणाली, मी जबाबदार. उंच काम परांचीवरच्या दोन मजुरांनी करायचं आणि हाताला येईल तेवढं मिस्त्रींनी, असं ठरलं. थापी हातात आली आणि मिस्त्री पहिल्याच दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.

आता या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. या घरात कोणी कोणाची चूक बोलून दाखवत नसे. सूनबाई घरात आली त्याच आठवड्यात मिस्त्रींच्या बायकोने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरगी फार मानी आहे, तिच्या कामात खोट दिसली तर तोंडातून शब्द काढायचा नाही, गुपचूप नीट करून टाकायची. मिस्त्रींनी ते पक्कं गाठीला बांधलं. सूनबाईने फडताळ तिरकं ठोकलं, मिस्त्रींनी ती बाहेर गेल्यावर काढून सरळ ठोकलं. सूनबाई रात्री दाराची कडी लावायला विसरते, मिस्त्री उठून लावतात. बायको गेल्यावर तर हा नियम त्यांना तिच्या जागी वाटायला लागला. घर शांत होतं. जरा जास्तच शांत होतं म्हणा.

गुरुवारी सूनबाई स्टेशनवर दगडांच्या पेट्या सोडवून आणायला गेली आणि मिस्त्री दालनात एकटे होते. भिंती झाल्या होत्या. थापी धुऊन झाली होती. मधोमध मोठ्या चादरीखाली सूनबाईचा देखावा झाकून ठेवलेला. जगाची जमीन, एवढं त्यांना ठाऊक होतं. जेवताना तिने कधीतरी सांगितलं होतं, पण मिस्त्रींचं लक्ष जेवणाकडे असायचं. जास्त विचारणं त्यांना चौकशी केल्यासारखं वाटायचं. त्यांनी चादरीचं टोक उचललं, नुसतं बघायला.

काम बघून ते खूष झाले. समुद्र म्हणजे निळ्या रंगाच्या लाकडी फळ्या, त्यावर चालता येईल अशा. त्यावर तारेच्या जाळीचे आणि प्लास्टरचे पोकळ खंड, गुडघाभर उंच, डोंगर नि दऱ्यांसकट, रंगवलेले. पोरीचा हात चांगला आहे, त्यांनी मनात म्हटलं. आणि मग त्यांना आफ्रिका दिसली.

आफ्रिकेच्या पूर्वेच्या अंगाला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. नुसती भेग नाही, मधे फुटून दोन फाटे झालेले, एका मोठ्या तळ्याला दोन्हीकडून वळसा घालणारे. त्यांनी पूर्ण चादर काढली. वर थंडीच्या मुलखात एक. युरोपात एक. अमेरिकेत दोन-तीन. दक्षिणेच्या पांढऱ्याशुभ्र खंडावरही एक लांबलचक. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध एक केसासारखी. त्यांच्या लेखी प्रकरण स्पष्ट होतं. पोरीने घाई केली. प्लास्टर भिजतं न ठेवता वाळवलं आणि ते तडकलं. शनिवारी सगळं गाव येणार, बाई हसणार, पक्षी वर येणार, आणि तीन वर्षं पाण्यात.

बोलायचं तर नव्हतं. करायचं मात्र होतं. रुंद भेगांत त्यांनी प्लास्टरमध्ये सरस कालवून ते भरलं, बारीक भेगांत खिशातली लांबी. वरून सूनबाईच्याच डब्यांतले रंग मिसळून असा काही मेळ साधला की भेग कुठे होती ते त्यांचं त्यांनाही दिसेना. दर भेगेच्या शेवटी अंगठा दाबून हात उचलायची त्यांची सवय. दुपार कशी गेली ते कळलं नाही. चादर घालून मिस्त्री घरी आले, आणि सूनबाई दमून परतली तेव्हा तिच्यासाठी चहा करून ठेवला होता. किती दिवसांनी त्यांना आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटत होतं, आणि ते कोणाला सांगता येत नाही याचाही त्यांना आनंदच होत होता.

शुक्रवारी सकाळी दिव्यांची चाचणी होती. संचालिकाबाई आल्या, वायरमन आला, सूनबाई तर उजाडल्यापासून तिथेच. मिस्त्री दाराच्या चौकटीला गिलाव्याचा शेवटचा हात मारत होते. पडदे ओढले, खोली काळोखी केली आणि वायरमनने बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. काळोख तसाच. बाईंनी काळोखातच एक उसासा टाकला, आणि त्या मनातल्या मनात गरुड कुठे ठेवायचा ते ठरवतायत असं मिस्त्रींना वाटून गेलं.

सूनबाई बाईंना पुन्हा एकदा समजावायला लागली. जगात जमीन जिथे जिथे फाटते आहे, तिथे तिथे तिने भेग ठेवली आहे. दिवे खंडांच्या पोटात आहेत. बटण दाबलं की लाल उजेड त्या भेगांतून वर येईल, आणि आपल्या पायाखालची जमीन कुठे कुठे दुभंगते आहे ते माणसाला एका नजरेत कळेल. सगळं दालन त्यासाठीच आहे.

मिस्त्रींची थापी हातातच राहिली. दुसऱ्या हाताने त्यांनी चौकट धरली, आणि चौकट ओली होती.

सूनबाई टॉर्च घेऊन आफ्रिकेशी गुडघ्यांवर बसली. तिची बोटं पूर्वेच्या अंगावरून खाली खाली गेली, थांबली, परत वर आली. मग अगदी टोकाला, जिथे भेग संपायची तिथे, तिच्या बोटाला एक खोलगट ठसा लागला. अंगठ्याचा. असा ठसा घरात खिडकीखाली होता, चुलीच्या वर होता, न्हाणीच्या दारामागे होता. तिने मान वर करून मिस्त्रींकडे पाहिलं. क्षणभरच. मग तोंड फिरवून ती बाईंना म्हणाली की वायरिंगमध्येच काहीतरी घोळ आहे, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

वायरमन संतापला. त्याच्या वायरिंगला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे बटणांचा बोर्ड उचकटला, काखेत मारला, दुकानात तपासून उद्या सकाळी आणतो म्हणाला आणि निघून गेला. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी उजेड दिसला नाही तर दुपारी पक्षी. आणि त्याही गेल्या.

दालनात दोघंच राहिले. सूनबाई पडदे उघडायला लागली, एकेक, फार सावकाश. मिस्त्रींना कळत होतं की ती आता काही बोलणार नाही. ते घरी गेले की ती एकटी बसून सगळं उकरणार, त्यात प्लास्टरचे काठ तुटणार, उद्या सगळं फसणार, आणि तरीही ती बोलणार नाही. खरं सांगायचं तर गप्प बसणं मिस्त्रींना सोपं होतं. दार उघडं होतं आणि थापी धुवायची होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी बुजवल्या. सगळ्या मी बुजवल्या."

"माहीत आहे, बाबा. अंगठा दिसला."

"मग बोलली का नाहीस? बिचाऱ्या वायरमनच्या माथी मारलंस ते."

सूनबाई पडदा धरून उभी राहिली. "आईंनी सांगितलं होतं. मी घरात आले त्याच आठवड्यात. ह्यांच्या कामात खोट दिसली तर बोलू नकोस, गुपचूप नीट कर. म्हणाल्या, माणूस फार मानी आहे."

मिस्त्री हिंदी महासागरात मटकन बसले. "मला म्हणाली होती, पोरगी फार मानी आहे."

आधी सूनबाईला हसू फुटलं, मग मिस्त्रींना, आणि मग ते दोघं इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. हसता हसता मिस्त्रींचे डोळे भरून आले. बायकोची इतकी आठवण त्यांना कित्येक महिन्यांत आली नव्हती. काय बाई होती. दोघांना एकमेकांपासून वाचवायला निघाली आणि दोघांनाही मुकं करून गेली.

पण हसून आफ्रिका फाटणार नव्हती. सूनबाईने पातं उचललं तसा मिस्त्रींनी तिचा हात धरला. वाळलेला सरस असा उकरला तर काठ घेऊन वर येतो. त्याला गरम पाण्याची पट्टी ठेवायची, तो नरम पडेपर्यंत दम धरायचा, मग आकड्याने अलगद ओढायचा. चहाच्या खोलीतली किटली आली. सूनबाईची जुनी ओढणी फाडून पट्ट्या झाल्या. दोघं समुद्रात मांडी घालून बसले आणि आफ्रिकेला, ताप आलेल्या पोराला ठेवाव्यात तशा, पट्ट्या ठेवत सुटले.

सरस नरम पडायला वेळ लागत होता. गप्प बसायची सवय आता मोडली होती, म्हणून मिस्त्रींनी विचारलं, ही अशी का फाटते? सूनबाईने सांगितलं की जमीन दोन्हीकडून ओढली जाते, मधे पातळ होत जाते, मधला पट्टा खाली बसतो, आणि खालून तापलेला रस वर येतो. इथियोपियात एक जागा आहे, तिथे तीन भेगा एकत्र मिळतात. एकीत तांबडा समुद्र शिरलाय, दुसरीत एडनचं आखात, आणि तिसरी ही, तुम्ही बुजवलीत ती. ही खाली टांझानिया, मलावीपर्यंत जाते. तिच्या एका फाट्यात तळीच तळी आहेत, लांबट, खोल. कधीतरी पूर्वेचा तुकडा सुटेल आणि मधे समुद्र येईल.

"कधी?"

"कोट्यवधी वर्षं लागतील. नखं वाढतात त्याहूनही सावकाश चाललंय. आणि मधेच थांबेलही. सगळ्या भेगा शेवटाला जात नाहीत."

मिस्त्रींनी विचार केला. "म्हणजे खालून कोणीतरी लांबी भरतंय आणि तरी ते फाटतंय."

सूनबाई म्हणाली की इतकं सोपं करून तिच्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नव्हतं, आणि मिस्त्री म्हणाले की हे असलं गोड बोलणं आजपासून बंद. ती लाजली. मग तिने कबूल केलं की लांबीचं उदाहरण तसं फारसं बरोबर नाही, कारण तो रस भेग बुजवत नाही, नवीन तळ तयार करतो. मिस्त्रींना हे ऐकायला बरं वाटलं. त्यांना सुनेने पहिल्यांदाच चुकीचं ठरवलं होतं.

मग एकेक बाहेर यायला लागलं. सैबेरियातल्या बैकलशी पोचले तेव्हा, म्हणजे जगातलं सर्वांत खोल तळं ज्या भेगेत साठलंय तिथे, सूनबाईने सांगितलं की मिस्त्रींचा चहा इतका कडक असतो की ती रोज निम्मा कुंडीत ओतते. ती कुंडी का वाळली ते मिस्त्रींना आज कळलं. त्यांनी फडताळाचं सांगितलं. सूनबाई म्हणाली, तुम्ही सरळ केलेलं फडताळ उजवीकडे उतरतं, म्हणून मी खाली कागदाची घडी घालते. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात, जिथे युरोप फाटायला निघाला आणि मग आळसावला, तिथे कडीचं निघालं. ग्रीसच्या कोरिंथच्या आखाताशी त्यांनी निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडते हे निघालं. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटलं, पण चष्म्याचा नंबर वाढलाय हे त्यांनाही आतून ठाऊक होतं.

तांबड्या समुद्राला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. तो निळा होता, त्यांना वाटलं पाणीच आहे. सूनबाई म्हणाली की एवढी एक गोष्ट तुम्ही बरोबर ओळखलीत, तिथे भेगेचा समुद्र होऊन गेलाय.

दुपार कलली. अमेरिकेला अजून हात लागला नव्हता. त्यांना एक प्रश्न सकाळपासून विचारायचा होता. थापी पुन्हा हातात आल्यापासून ते ज्याला भीत होते तोच.

"आणि ह्या भिंती?"

सूनबाईने पातं खाली ठेवलं. जुनी सवय तिच्या तोंडावर येऊन गेली, मिस्त्रींना ती दिसली. मग ती म्हणाली, "खिडकीच्या उजवीकडे गिलावा फुगलाय, पोट आलंय. मी अंटार्क्टिकाच्या माहितीचा फलक तिथे सरकवलाय."

मिस्त्री उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी फलक बाजूला करून भिंतीवर तळवा फिरवला आणि पोट होतं. चांगलं हाताएवढं. डोळ्यांनी फसवलं होतं, तळव्याला मात्र अजून कळत होतं. त्यांना लागलं, खोटं कशाला बोला. चाळीस वर्षांत त्यांच्या भिंतीला कोणी पोट आलंय म्हटलं नव्हतं. पण सुनेने फलक सरकवून गप्प बसणं आणि आपण काहीच न कळता ऐटीत फिरणं, हे त्याहून वाईट होतं.

"सोमवारी फोडून परत करतो," ते म्हणाले.

"करा," सूनबाई म्हणाली. राहू द्या म्हणाली नाही.

त्यानंतर वेळ उरला नाही म्हणून दोघांनी जग वाटून घेतलं. आफ्रिकेचे फाटे साफ करणं आणि काठ रंगवणं सूनबाईकडे. पलीकडची बाजू मिस्त्रींकडे. न्यू मेक्सिकोतून जाणाऱ्या रिओ ग्रांदे नदीची भेग त्यांनी उघडली. कॅलिफोर्नियाच्या आखाताजवळची उघडली, जिथे जमिनीची एक पट्टी मुख्य खंडाशी भांडून निघाल्यासारखी दिसते. पश्चिम अंटार्क्टिकातली बर्फाखालची भेग उघडताना त्यांचा जीव हळहळला, कारण त्या पांढऱ्या रंगाचा मेळ फार सुरेख जमला होता. त्यांच्या बोटांना प्रत्येक भेग पाठ होती. गुरुवारी जी जी बुजवली, ती ती त्यांनी उघडली. एकही सोडली नाही. दिवेलागणीला दोघं घरी निघाले तेव्हा सूनबाईने चहा पाण्यासारखा करा म्हणून सांगितलं, आणि मिस्त्रींनी तो तसा केला.

शनिवारी वायरमन बोर्ड घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला की बोर्डात काहीच खोट नव्हती. सूनबाई म्हणाली, तुमची चूक नव्हतीच, मी खोटं बोलले, माफ करा. वायरमनने दुसरं वाक्यही तयार करून आणलं होतं, ते त्याच्या तोंडातच राहिलं. बोर्ड ठोकेठोकेपर्यंत पाहुणे येऊन भरले, त्यामुळे चाचणी काही झाली नाही. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून सगळ्यांच्या मागे उभे राहिले. फलक होता तिथेच होता.

पडदे ओढले. संचालिकाबाईंनी स्वतः बटण दाबलं.

आफ्रिका आतून पेटली. पूर्वेच्या अंगाने लाल रेघ वरून खाली धावत गेली, तळ्यापाशी दुभंगली, दोन्हीकडून वळसा घालून पुढे गेली. लोकांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. मग बैकलची रेघ दिसली, युरोपातली मंद, अमेरिकेतल्या, आणि खाली पांढऱ्या खंडावरची. एवढ्या ठिकाणी जमीन फाटते आहे आणि आपण तिच्यावर खुर्च्या मांडून बसतो, असं कोणीतरी कुजबुजलं. बाईंनी सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवला. पक्ष्यांचं नाव आता निघणार नव्हतं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी बोट दाखवून विचारलं की ऑस्ट्रेलियासुद्धा दोन होतोय का, हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध केसाएवढी एक लाल रेघ झळकत होती. सूनबाईने ती पाहिली. बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. मिस्त्रींच्या लख्ख ध्यानात आलं. ती भेग खरीच प्लास्टरची होती. सगळ्या जगात तेवढी एकच त्यांनी बरोबर बुजवली होती, आणि काल घाईघाईत तीही उघडून ठेवली होती. आता सूनबाई काहीतरी सावरून नेईल, मिस्त्रींना वाटलं. म्हणेल की तिथे अजून संशोधन चालू आहे. नाहीतर वायरिंगवर ढकलेल. ते खाली बघायला लागले.

"नाही," सूनबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ऑस्ट्रेलियात तसं काही चाललेलं नाही. ती भेग माझी आहे, मी प्लास्टर घाईने वाळवलं. माझ्या सासऱ्यांनी ती बुजवली होती आणि काल चुकून परत उघडली." मग ती मागे वळली. "बाबा, डबी आहे ना खिशात? ही बुजवा."

माणसं वाट सोडून बाजूला झाली. मिस्त्रींनी चपला काढल्या, देखाव्याभोवतीच्या कठड्याला धरून पाय उचलला आणि ते समुद्रात उतरले. डबीचं झाकण पहिल्या खेपेला उघडेना. त्यांची चूक चारचौघांत सांगितली गेली होती, आणि बायको गेल्यापासून इतकं सुख त्यांना झालं नव्हतं. आपण पुन्हा घरातलं माणूस झालो, ज्याला दोन शब्द बोलता येतात असं. ते ऑस्ट्रेलियाशी गुडघे टेकून बसले. लांबी भरली, अंगठ्याने दाबत दाबत रेघेच्या शेवटापर्यंत गेले, आणि लाल उजेड त्यांच्या बोटामागे विझत गेला.

"थोडं डावीकडे राहिलंय, बाबा," सूनबाई कठड्यावरून म्हणाली.

मिस्त्रींनी चष्मा सारखा केला आणि डावीकडे दाबलं.